तोफांमागची कोठी : 'ऱ्होड आयलंड' या आगबोटीची युद्धातली नोकरी

१८६२ साली ५ फेब्रुवारी ते १८ मार्च या बेचाळीस दिवसांत एका आगबोटीने ९८ जहाजांना सामान पोचवलं. मग तीन आठवडेही झाले नाहीत तोच ती पुन्हा निघाली आणि ५ एप्रिल ते २० मे या फेरीत ११८ जहाजांना माल देऊन आली. जाण्यायेण्याचे आणि वादळवाऱ्याचे दिवस धरूनसुद्धा दिवसाला दोनाहून जास्त जहाजं झाली. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, होड्या बाजूला लागायच्या, पोती-पिंपं उतरवायची, सह्या घ्यायच्या, टपालाची पिशवी द्यायची, परतीचं टपाल आणि आजारी खलाशी वर घ्यायचे आणि पुढच्या जहाजाच्या दिशेने सुटायचं. घरोघरी सिलिंडर टाकत जाणाऱ्या गाडीसारखंच हे काम. फक्त इथे गल्ली हजारो किलोमीटरची होती आणि गिऱ्हाइकांकडे तोफा होत्या.

या आगबोटीचं नाव 'ऱ्होड आयलंड'. अमेरिकेच्या यादवी युद्धात ती उत्तरेच्या, म्हणजे लिंकन सरकारच्या आरमारात होती. इतिहासात तिचं नाव आलंच तर एका रात्रीपुरतं येतं. त्या रात्रीकडे आपण येऊच. पण मला तिची बाकीची नोकरी जास्त बोलकी वाटते. ती समजली की समुद्रावरची नाकेबंदी प्रत्यक्षात कशावर चालते ते समजतं. तोफांवर चालते असं वाटतं खरं, पण ती चालते कोळसा, ताजं मांस आणि पत्रं यांच्यावर.

आधी नाकेबंदी म्हणजे काय ते पाहू. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्स्टन बंदरातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्ध पेटलं. फुटून निघालेल्या दक्षिणेकडे कापूस उदंड होता, कारखाने मात्र थोडे. त्यांचा हिशोब सोपा होता : कापूस युरोपला विकायचा आणि त्या पैशातून बंदुका, दारूगोळा, औषधं, कापडचोपड आणायचं. लिंकनने १९ एप्रिलला या येण्याजाण्यावरच बोट ठेवलं आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली.

जाहीर करायला काय लागतं? कागद आणि शाई. पण १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात युरोपातल्या बड्या सत्तांनी एक तत्त्व मान्य केलं होतं, की नाकेबंदी दुसऱ्या देशांवर बंधनकारक ठरायची असेल तर ती खरोखर अमलात असली पाहिजे. बंदराबाहेर जहाजं उभी दिसली पाहिजेत. नुसत्या कागदी नाकेबंदीला ब्रिटन किंवा फ्रान्सने जुमानायचं कारण नव्हतं. आणि किनारा किती? सुमारे ५,६०० किलोमीटर. आपल्या मुख्य भूमीचा किनारा ५,४२२ किलोमीटर असं आपण शाळेत पाठ केलं होतं. त्याच्याहून थोडा जास्तच. त्यावर पहारा द्यायला उत्तरेकडे युद्धाच्या सुरुवातीला सगळी मिळून ९० च्या आसपास जहाजं होती. प्रत्यक्ष कामात असलेली ४२, आणि त्यांतलीही बरीच दूरदेशी गेलेली. म्हणून नौदलमंत्री गिडिअन वेल्स यांच्या खात्याने तरंगेल ते विकत घ्यायचा सपाटा लावला. मालवाहू बोटी घेतल्या, उतारूंच्या आगबोटी घेतल्या, न्यूयॉर्कच्या खाडीत माणसं पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीसुद्धा घेतल्या.

आता खरी अडचण. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो. पाणी आणि शिधा भरला की ते महिनोन् महिने समुद्रात राहू शकतं. आगबोट मात्र उभी असली तरी खाते. रात्री काळोखात एखादं जहाज बंदरातून निसटायला लागलं तर त्याचा पाठलाग करायला वाफ तयार हवी, आणि वाफ पाच मिनिटांत होत नाही. म्हणून भट्टीतला विस्तव, आपल्याकडे चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवत तसा, दिवसरात्र जागता ठेवावा लागे. म्हणजे नुसतं वाट बघत बसण्यातही कोळसा जळत होता. कोळसा संपला की बोट माघारी जाणार, आणि ती गेली की तिच्या जागेवर भोक पडणार. नाकेबंदीच्या कायद्याच्या दृष्टीनेही ते भोक वाईटच.

माणसांचं तेच. जहाजावरचं कायमचं अन्न म्हणजे खारवलेलं मांस, दगडासारखी कडक बिस्किटं आणि वालासारख्या कडधान्याची उसळ. आठवडेच्या आठवडे हेच खाल्लं की हिरड्या सुजतात, दात हलायला लागतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात आणि त्यावर औषध म्हणजे ताजी भाजी आणि फळं. शिवाय कंटाळा. दक्षिणेच्या उन्हाळ्यात, दमट हवेत, लांब दिसणाऱ्या त्याच त्या वाळूच्या रेघेकडे बघत बसायचं. लढाई नाही, किनाऱ्यावर उतरायचं नाही. त्यात १ सप्टेंबर १८६२ पासून खलाशांची रोजची दारूही कायद्याने बंद झाली. अशा माणसाला घरच्या पत्राचं काय मोल असेल ते वेगळं सांगायला नको.

या सगळ्यावरचं उत्तर म्हणजे रसद आगबोट.

'ऱ्होड आयलंड' मुळात आरमारासाठी बांधलेली नव्हती. १८६० मध्ये न्यूयॉर्कला ती 'जॉन पी. किंग' या नावाने तयार झाली, मग जळाली, दुरुस्त होऊन 'ईगल' झाली. जून १८६१ मध्ये नौदलाने ती विकत घेतली आणि तिसरं नाव ठेवलं. लांबी सुमारे २३६ फूट आणि दोन्ही अंगांना रहाटासारखी मोठी पाणचाकं. स्टीफन ट्रेंचर्ड यांच्या हाती ती दिली गेली आणि ३१ जुलैला ती पहिल्या फेरीला निघालीसुद्धा. खरेदीपासून कामावर रुजू व्हायला जेमतेम महिना लागला.

या कामात एक शहाणपणाची वाटणी होती. कोळसा नासत नाही, म्हणून तो पेनसिल्व्हेनियातून भाड्याच्या शिडाच्या गलबतांनी सावकाश यायचा आणि पोर्ट रॉयल आणि फ्लॉरिडातलं 'की वेस्ट' अशा हाताशी असलेल्या बंदरांत त्याचे ढीग लागायचे. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेने साउथ कॅरोलायनातलं पोर्ट रॉयल जिंकलं ते बऱ्याच अंशी यासाठीच, की बोटींना कोळसा भरायला उत्तरेपर्यंत जावं लागू नये. पण ताजं मांस, भाजी, औषधं, पगार वाटणारे अधिकारी, बदलीवर निघालेली माणसं आणि टपाल यांना थांबता येत नाही. त्यांच्यासाठी वेगाची आगबोट. थांबू शकणारा माल वाऱ्याने, न थांबणारा वाफेने. आजही कांद्याची आणि दुधाची गाडी वेगळी असते, तसंच.

ताजं मांस टिकायचं ते बर्फावर. यंत्राने बर्फ करणं तेव्हा सर्रास नव्हतं. उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांतून हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या करवतीने कापत आणि लाकडाच्या भुशात दाबून वर्षभर वापरत. थोडं विषयांतर करतो, कारण हाच बर्फ आपल्या ओळखीचा आहे. बॉस्टनच्या बाजूचा तळ्यातला बर्फ जहाजांनी मुंबईलाही यायचा आणि तो ठेवायला फोर्टात खास बर्फघर बांधलेलं होतं. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून बर्फ मुंबईत पोचत होता, तिथे मेक्सिकोच्या आखातात गोमांस थंड ठेवणं काही अवघड नव्हतं.

'ऱ्होड आयलंड' उत्तरेच्या बंदरांतून भरून निघे आणि किनारा धरत खाली फ्लॉरिडाला वळसा घालून थेट टेक्ससच्या गॅल्व्हस्टनपर्यंत जाई. रसद आगबोटीवर तोफा कशाला, असं वाटेल. पण समुद्रात एकटी फिरणारी, मालाने भरलेली बोट म्हणजे शत्रूला आयतं पान. आणि दुसरं कारण लोभाचं होतं. नाकेबंदी मोडणारं जहाज पकडलं आणि न्यायालयाने ती लूट वैध ठरवली, की लिलावाची निम्मी रक्कम पकडणाऱ्या जहाजावरच्या माणसांत वाटली जाई. त्यामुळे भाजी पोचवता पोचवता क्षितिजावर संशयास्पद शीड दिसलं तर कोणीही डोळेझाक करत नसे. गॅल्व्हस्टनजवळ या बोटीने 'व्हीनस' नावाचं गलबत असंच पकडलं. त्यात शिसं, तांबं, कथील होतं. सगळा माल गोळ्या आणि तोफा ओतायच्या कामाचा.

आता ती रात्र.

मार्च १८६२ मध्ये 'मॉनिटर' या लोखंडी नौकेने जगभर खळबळ उडवली होती. जॉन एरिक्सन यांची ती रचना. पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर असलेलं सपाट डेक, त्यावर गोल फिरणारा लोखंडी बुरूज आणि बुरुजात दोन तोफा. तराफ्यावर ठेवलेला चीजचा डबा, अशी तिची टिंगल होई. हॅम्प्टन रोड्सच्या लढाईत तिने दक्षिणेच्या चिलखती 'व्हर्जिनिया'ला रोखलं आणि लाकडी युद्धनौकांचे दिवस भरले. पण ही नौका शांत खाडीसाठी ठीक होती. खुल्या समुद्रात तिच्यावरून लाटा सरळ आरपार जात. म्हणून दूर न्यायची तर दुसऱ्या बोटीला बांधून न्यावी लागे, आणि ताकदीच्या आगबोटी कोणाकडे? रसदवाल्यांकडे. सामानाची गाडी अशी क्रेन झाली.

२९ डिसेंबर १८६२ ला 'ऱ्होड आयलंड'ने दोन जाड दोरखंडांनी 'मॉनिटर' मागे बांधली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टकडे निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केप हॅटरसच्या पुढे हवा बिघडली. हॅटरस म्हणजे तिकडच्या खलाशांचं मरणठिकाण. उबदार गल्फ स्ट्रीम आणि उत्तरेचा थंड प्रवाह तिथे भिडतात. लाटा बुरुजावरून जाऊ लागल्या. बुरूज आणि डेक यांच्यामधल्या फटीत काथ्या ठोकून भरला होता, तो निघून गेला आणि पाणी आत यायला लागलं. पंप लावले. पण पंप वाफेवर चालणार, वाफ कोळशावर, आणि कोळसा आता भिजत होता. जितकं पाणी वाढेल तितकी वाफ कमी, जितकी वाफ कमी तितकं पाणी जास्त. 'मॉनिटर'चे कप्तान जॉन बँकहेड यांनी रात्री संकटाची खूण म्हणून बुरुजावर लाल कंदील चढवला.

एक दोर आधीच तुटला होता. उरलेला तोडायला काही जण त्या धुतल्या जाणाऱ्या डेकवर गेले, त्यांतले काही लाटेबरोबर वाहून गेले. अखेर तो तुटला. मग दैव बघा : सुटलेला दोर 'ऱ्होड आयलंड'च्या पाणचाकात गुंतला आणि चाक अडकलं. आता ही मोठी लाकडी बोट लाटांवर हेलपाटत थेट 'मॉनिटर'च्या लोखंडी कडेकडे ढकलली जाऊ लागली. ती कड लागली असती तर लाकूड फोडून आत गेली असती आणि वाचवणारे आणि वाचणारे दोघेही बुडाले असते. थोडक्यात चुकलं. चाक मोकळं झालं आणि होड्या खाली सोडल्या गेल्या.

काळोखात, वादळात, वल्ह्याची होडी त्या दीड फुटी डेकला लावायची म्हणजे काय ते कोकणातल्या पावसाळी समुद्रात एकदा मचव्यातून गेलेला माणूसच सांगू शकेल. होडी लाटेबरोबर माणूसभर वर जाते आणि तितकीच खाली आपटते; उडी मारायची ती वर असताना, आणि डेकवरून धावायचं ते दोन लाटांच्या मधल्या वेळात. काही जण बुरुजावर चिकटून राहिले, उडी मारायची हिंमत झाली नाही. रॉडनी ब्राउन हा कनिष्ठ अधिकारी आपली होडी घेऊन उरलेल्यांसाठी पुन्हा निघाला. तो पोचायच्या आत, ३१ डिसेंबरच्या पहाटेच्या अंधारात, लाल कंदील दिसेनासा झाला. ४७ माणसं वाचली, १६ गेली.

ब्राउनची होडीही परत आली नाही. 'ऱ्होड आयलंड'वरून रात्रभर अग्निबाण सोडले, निळे दिवे पेटवले, पण होडी सापडेना. ती वाहत लांब गेली होती. दुसऱ्या दिवशी एका गलबताने त्यांना उचललं आणि बोफर्टला पोचवलं. त्या होडीतल्या सात खलाशांना पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. ब्राउनला नाही, कारण नौदलाचं हे पदक तेव्हा अधिकाऱ्यांना देत नसत. हिशोब असा की रसद वाहणाऱ्या बोटीवरच्या सात साध्या खलाशांना देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, आणि तेही एकही गोळी न झाडता.

'मॉनिटर' १९७३ मध्ये समुद्रतळाशी सापडली. तिथून वर काढलेली पहिली वस्तू होती एक कंदील. लाल काचेचा. २००२ मध्ये अख्खा बुरूज वर काढला तेव्हा आत दोघांचे सांगाडे मिळाले. ते २०१३ मध्ये आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत पुरले.

१८६३ मध्ये 'ऱ्होड आयलंड'ला वेगळंच काम लागलं. दक्षिणेच्या 'अलाबामा' आणि 'फ्लॉरिडा' या नौका उत्तरेची व्यापारी जहाजं जाळत फिरत होत्या, त्यांना शोधायला तिला वेस्ट इंडीजकडे धाडलं. त्या दोघी काही तिच्या हाती लागल्या नाहीत. लागली ती 'मार्गारेट अँड जेसी'. ही मुळात लिव्हरपूलहून आइल ऑफ मॅनला उतारू नेणारी वेगवान बोट, आता चार्ल्स्टनहून कापूस भरून बहामातल्या नासाऊकडे निघालेली. ३० मे रोजी 'ऱ्होड आयलंड'ने तिचा पाठलाग करून एल्युथेरा बेटाच्या किनाऱ्यावर तिला चढायला लावलं. पण बेट ब्रिटिशांचं. गोळे त्यांच्या हद्दीत पडले, ब्रिटनने निषेध नोंदवला, आणि भाजीपाल्याच्या बोटीमुळे दोन सरकारांची पत्रापत्री सुरू झाली. ऑगस्टमध्ये याच पट्ट्यात तिने 'क्रॉन्स्टाट' पकडली : कापूस, टर्पेंटाइन आणि तंबाखू.

या दोन्ही बोटींत कापूस. इथे आपल्याकडची गोष्ट येते, ओढूनताणून नव्हे. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला पाऊणहून जास्त कापूस युद्धाआधी अमेरिकेतून जायचा. 'ऱ्होड आयलंड'सारख्या बोटींनी पोसलेल्या नाकेबंदीने तो आवळला आणि मँचेस्टरचे डोळे मुंबईकडे वळले. वऱ्हाड, खानदेश, हिंगणघाट इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. रेल्वे अजून नागपूरला पोचली नव्हती, ती पोचली १८६७ मध्ये, तोवर माल बैलगाड्यांवर. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे; पैसा जिरवायला बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरला लोक वेडे झाले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, अमेरिकेचा कापूस मोकळा होणार हे दिसलं, आणि १ जुलै १८६५ ला, वायद्यांच्या दिवशी, मुंबईचा बाजार कोसळला. हॅटरसजवळच्या खलाशांना मुंबई नकाशावर दाखवता आली असती की नाही देव जाणे, पण ते तिथे तग धरून राहिले म्हणून इथे कोणी कोट्यधीश झालं आणि ते घरी गेले म्हणून भिकेला लागलं.

बोटीकडे परत येऊ. मार्च १८६४ मध्ये बॉस्टनला तिला कामावरून काढून जड तोफा चढवल्या. सप्टेंबरमध्ये ती बाहेर पडली ती लढाऊ क्रूझर होऊन. कोठीवाल्याच्या हाती भाला आला म्हणायचा. दक्षिणेचं शेवटचं मोठं उघडं बंदर विल्मिंग्टन, आणि त्याच्या तोंडावर फोर्ट फिशर हा किल्ला. डिसेंबर १८६४ च्या आणि जानेवारी १८६५ च्या दोन्ही हल्ल्यांत ती होती. १५ जानेवारीला किल्ला पडला. गंमत अशी की त्याच ताफ्यात 'गेटिसबर्ग' नावाची एक जलद बोट होती. ती म्हणजे जुनी 'मार्गारेट अँड जेसी'. बेटावर चढलेली ती बोट दुरुस्त होऊन पुन्हा चोरट्या फेऱ्या करू लागली, नोव्हेंबर १८६३ मध्ये पकडली गेली आणि उत्तरेने तिलाच आपल्यात भरती करून घेतलं. पाठलाग करणारी आणि पळणारी आता एकाच किल्ल्यावर गोळे टाकत होत्या.

युद्ध संपल्यावर एक आवरासावरीचं काम उरलं. दक्षिणेसाठी फ्रान्समध्ये बांधलेली 'स्टोनवॉल' ही चिलखती नौका इतक्या उशिरा पोचली की लढायला कोणी उरलंच नव्हतं. तिच्या कप्तानाने ती हवानात स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या हवाली केली आणि अमेरिकेने १६,००० डॉलर मोजून ती सोडवली. १८६५ च्या शरदात तिला हवानाहून वॉशिंग्टनला आणणाऱ्या दोन बोटींत 'ऱ्होड आयलंड' होती. 'स्टोनवॉल' पुढे जपानला विकली गेली आणि तिकडच्या यादवीत लढली.

१८६७ मध्ये 'ऱ्होड आयलंड'ही विकली. नव्या मालकाने तिच्यावरच्या तोफा उतरवून पुन्हा माल भरायला सुरुवात केली आणि तिला चौथं नाव दिलं : 'चार्ल्स्टन'. ज्या बंदराचं तोंड बंद ठेवणाऱ्या जहाजांना तिने खाऊ घातलं, त्याच बंदराचं.